ओसरीवरचे गणित

जुनी वाटपपत्रे वाचणे हा वकिलीच्या व्यवसायाचा नित्याचा भाग आहे. घराचा, बागायतीचा किंवा देवळातील पूजेच्या पाळीचा हिस्सा त्यांत पुष्कळदा ‘पाच आणे चार पै’ असा लिहिलेला आढळतो. नव्या पदवीधरापुढे असा कागद ठेवला, तर पूर्वजांनी घर पाच आण्यांना विकले की काय, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर उमटते. वस्तुतः तेथे किमतीचा काही संबंध नाही. संपूर्ण मालमत्ता म्हणजे सोळा आणे आणि आणा म्हणजे बारा पै. तेव्हा पाच आणे चार पै म्हणजे नेमका एक तृतीयांश. तीन भाऊ, तीन वाटे. ज्या कारकुनाने हे लिहिले त्याला ‘अपूर्णांक’ हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. अपूर्णांक मात्र त्याच्या जिभेवर होता.

तो त्याच्या जिभेवर कोणी ठेवला आणि पुढे तो कोठे गेला, याचा शोध घेण्यासारखा आहे. कारण लहान मुलांना गणिताची भीती वाटते, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते आणि तिच्यावर दोनच औषधे सुचविली जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, पाढे पाठ करून घेणे बंद झाले म्हणून हे झाले. नव्या विचाराची मंडळी म्हणतात, घोकंपट्टीनेच मुलांचा जीव विटला. दोन्ही पक्ष आपापली कैफियत जोराने मांडतात. जुन्या शाळेत प्रत्यक्ष काय चालत असे, हा पुरावा मात्र सहसा कोणी समोर आणत नाही.

ही शाळा बहुधा एखाद्या घराच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा धर्मशाळेत भरे. महाराष्ट्रात पंतोजी आणि गोव्यात शेणैमाम हा तिचा सर्वाधिकारी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे आणि आकडे काढावयाचे. चुकले की हात फिरवून पाटी कोरी. ही धुळाक्षरांची पद्धत मोठी स्वस्त आणि क्षमाशील होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या शाळा ज्या ‘मद्रास पद्धती’ने चालू लागल्या, तिचा उगमही अशाच एका देशी शाळेत आहे. मद्रासच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तेथील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, ती युक्ती उचलली, मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकविण्याची योजना तिला जोडली आणि १७९७ साली आपला वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. आमच्या ओसरीवरची धूळ विलायतेला पोहोचली ती अशी.

दिवेलागणीला परवचा होई. शुभंकरोति आणि स्तोत्रे झाली की तिथी, नक्षत्रे, महिने, आणि मग पाढे. पाढ्यांच्या शब्दांकडे आज कोणी लक्ष देत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील दुणे म्हणजे द्विगुण, त्रिक म्हणजे तिहींचा समूह आणि चोक म्हणजे चतुष्क, चौघांचा समूह. ‘बे चोक आठ’ हे एक अर्थपूर्ण वाक्य आहे. दोन चौकड्या मिळून आठ होतात, असे ते सांगते. जे मूल हे वाक्य म्हणताना अंगणातल्या चिंचोक्यांच्या दोन चौकड्या मांडू शकते त्याला गुणाकार समजला. जे नुसते म्हणते त्याला केवळ चाल समजली.

पूर्णांकांच्या पाढ्यांवर ही शाळा थांबत नसे. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे होते. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा आणि औटकी साडेतीनाचा. ‘औट’ हा शब्द आता व्यवहारातून गेला, पण मूळ संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे ‘ज्यातील चौथा अर्धा आहे ते’, असा त्याचा वंश आहे. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे मानणाऱ्या समाजाने साडेतीनाचा स्वतंत्र पाढा ठेवला, यात आश्चर्य नाही. लिहिण्याची रीतही तितकीच सोयीची होती. अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. चौथी रेघ काढावयाची वेळ येताच सगळ्या रेघा पुसून अंक एकाने वाढवावयाचा. छेद आणि अंश यांची व्याख्या न देता सात-आठ वर्षांच्या मुलाला अपूर्णांक डोळ्यांना दाखविण्याची याहून सरळ युक्ती मला तरी माहीत नाही.

पाव-निमाचेच पाढे का, याचे उत्तर बाजारात आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. धान्याच्या मापांत दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. सगळी रचना अर्ध्याच्या अर्ध्याने चाललेली. तराजू किंवा माप हाती असलेल्या माणसाला कोणतीही वस्तू निम्मी करता येते. तिचे दहा सारखे भाग करणे त्याला जड जाते. ही रचना किती जुनी आहे ते पाहावयाचे असेल तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडावी. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या आरंभीच परिभाषा दिली आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. नावे बदलली, राजे बदलले. चार आणि सोळा हे अंक मात्र आठ शतके टिकून राहिले.

म्हणून त्या काळच्या मुलाला सायंकाळी म्हटलेला पाढा दुसऱ्या दिवशी सकाळी उपयोगी पडे. त्यातूनच व्यवहाराच्या किल्ल्या तयार झाल्या. एकच उदाहरण देतो. जितक्या रुपयांना एक मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. चाळीसाचा सोळावा भाग अडीच, म्हणून हे सूत्र. तांदूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेरांना बारा आणे, हे पोराने वाण्याच्या दुकानाच्या पायरीवरच सांगावे. ते सूत्र का चालते याचा उलगडा जो पंतोजी करी तो खरा शिक्षक. जो न करी त्याची मुलेही हिशेब करीत, पण माप बदलले की अडत.

आणि मापे बदलत असतच. निजामाच्या हैदराबादेत हाली सिक्का चाले आणि बाहेर इंग्रजी कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार हा भाव तेथील मराठी घरांत मुलांनाही तोंडपाठ असे. गोव्यातील पोर्तुगीज रुपीचे तांगही सोळाच असत. त्यामुळे सत्ता परकी असूनही ओसरीवरचा पाढा तेथे अडला नाही. सरकारी ‘इश्कोला’त पोर्तुगीज आणि शेणैमामाकडे मराठी पाढे, असे दुहेरी शिक्षण घेतलेल्या पिढ्या गोव्यात होऊन गेल्या.

या शाळेचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकणे न्यायाला धरून होणार नाही. पाढा चुकला की छडी, अंगठे धरून उभे राहणे आणि याहूनही क्रूर शिक्षा तेथे सर्रास चालत. पाढा पाठ होई, त्याला धाकही कारण होता. शिवाय त्या ओसरीवर कोण बसत असे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मुली बहुधा नव्हत्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांची मुले तर नव्हतीच. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा गणिताची ही मिरास कायद्याने आणि धैर्याने सर्वांसाठी उघडू लागली. तोपर्यंत मासळी-भाजी विकणाऱ्या निरक्षर स्त्रिया बोटांच्या पेरांवर जो चोख हिशेब करीत, तो कोणत्याही पंतोजीने शिकविलेला नव्हता.

या शाळेची तिसरी उणीव मला सर्वांत मोठी वाटते. आनंद देणारे गणित आपल्याकडे होते. ते ओसरीवर मात्र कधी आले नाही. लीलावतीतील उदाहरणे पाहावीत. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबाकडे जातो, तिसरा भाग दुसऱ्या फुलाकडे, या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुड्याकडे, आणि उरलेला एक भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधाने वेडावून मध्येच घोटाळत राहतो. तर भुंगे किती? पंधरा, हे उत्तर काढण्याआधी मूल तो एकटा भुंगा डोळ्यांपुढे आणते. प्रश्न ‘बाले’ अशी हाक मारून विचारले आहेत, यावरून लीलावती ही आचार्यांची कन्या असे आपण मानतो. विवाहाचा मुहूर्त चुकविणाऱ्या मोत्याची कथा मात्र अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली. चारशे सदतीस वर्षांनंतरची ही साक्ष कोणत्याही न्यायालयात ऐकीव म्हणूनच नोंदली जाईल. तथापि आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरातील एका पंडिताला गणित हे एखाद्या मुलीशी लाडाने बोलावे तसे सांगावेसे वाटले, एवढे निर्विवाद आहे.

या विद्येला देवळाचा आधारही होता. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालापैकी मठाला काय मिळावे याची त्यात नोंद आहे. आमच्या देवस्थानांच्या जमाखर्चात अखंड नंदादीप, नैवेद्य, चौघडा यांच्या तरतुदी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गणिताच्या अभ्यासासाठी केलेली तरतूद पाटणच्या दगडावरच वाचली. तथापि तो मठ पंडितांचा होता. संस्कृत न येणाऱ्या वाण्याच्या किंवा शेतकऱ्याच्या पोरापर्यंत तेथील भुंगे उडत गेले नाहीत. मठात आनंद आणि ओसरीवर उपयोग, अशी ही वाटणी शतकानुशतके चालली. १८२० नंतरच्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी मुंबईच्या शिक्षणमंडळीसाठी मराठीत गणिताची पुस्तके तयार केली, तेव्हा तिसरा वाटेकरी आला. छापील गणित ओसरीचेही नव्हते आणि मठाचेही नव्हते.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आणि फूट-हात जाऊन मीटर आले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता; तेथे १९५८ साली रुपीच्या जागी शंभर सेंताव्हूंचा इश्कूद आला आणि १९६१च्या मुक्तीनंतर भारतीय दशमान रुपया. चार-पाच वर्षांच्या अवधीत चार आणि सोळा यांचे राज्य दोन्ही बाजूंनी संपले. हा बदल योग्यच होता. दशमान पद्धतीने हिशेब सोपे झाले, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. पण तिने पावकी-निमकीचा पाया काढून घेतला, याची दखल शिक्षणात कोणी फारशी घेतली नाही. काही वर्षे मास्तर सवयीने औटकी म्हणवून घेत राहिले. जिचा सकाळी बाजारात उपयोग नाही ती चाल सायंकाळी मुलांना जाचक वाटू लागली, आणि मग ती पुस्तकांतून गेली. ‘घोकंपट्टी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. पाढा तोच होता. त्याच्यामागचा चिंचोका आणि पैसा गेला होता.

आज स्थिती अशी आहे. घरात आई म्हणते, सव्वा वाटी रवा घे. घड्याळात सव्वापाच वाजतात, दूध दीड लिटर येते, सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, तूप, साखर सव्वाच्या मापाने लागते. शाळेत तेच मूल ‘एक पूर्णांक एक चतुर्थांश’ शिकते आणि पुढल्या वर्षी ‘एक पूर्णांक पंचवीस शतांश’. सव्वा, सव्वाचा अपूर्णांक आणि सव्वाचा दशांश ही एकाच व्यक्तीची तीन नावे आहेत, ही ओळख करून देणारा मनुष्यच मध्ये राहिलेला नाही. मी हे गृहीतकाने म्हणत नाही. सव्वापाच वाजता म्हणजे किती मिनिटांनी, हे अचूक सांगणारी मुले एक चतुर्थांश तासाची मिनिटे विचारताच गोंधळलेली मी पाहिली आहेत. त्यांना अपूर्णांक येत नाहीत, असे प्रगतिपुस्तक सांगते. ते खोटे आहे. येतात, पण ज्या नावाने येतात ते नाव परीक्षेत चालत नाही.

संख्यावाचनाचा २०१९ सालचा वाद याच जातीचा होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. भाषा बुडाली, असे अनेकांना वाटले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत. जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलांसाठी दुसरी वाट ठेवली आहे. त्यांनी मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहून गणित गोष्टीसारखे सांगितले होते. २०२३ साली त्या निवर्तल्या. या वादात मी दोन्ही बाजूंचा थोडा थोडा आहे. एक्कावन्न या शब्दात पन्नास ऐकू येत नाही. ‘वन्न’ म्हणजे पन्नासच, हे भाषाशास्त्र्याला कळते, सहा वर्षांच्या मुलाला नाही. त्रेसष्टमध्ये तीन आधी बोलावयाचे आणि सहा आधी लिहावयाचे. मुले छत्तीस लिहून मोकळी होतात यात नवल काय? उलट बेळगावच्या मुलाला शेजारचा कानडी मुलगा ‘अरवत्तमूरु’ म्हणताना ऐकू येतो, म्हणजे साठ-तीन. तेलुगू तशीच. पोर्तुगीजही साठ-आणि-तीन म्हणते. शेणैमामाकडे त्रेसष्ट शिकलेले मूल इश्कोलात साठ-आणि-तीन शिकत असे, आणि त्याने आमच्या गोव्याची मराठी किंवा कोंकणी बुडाल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा ‘साठ आणि तीन’ ही पायरी म्हणून जरूर असावी. पण त्रेसष्ट हा शब्द मुलाच्या कानावरून जाता कामा नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडील आपल्या घरांत एकोणसाठ म्हणजे किती, असे नातवंडे विचारतात, ही काळजी पोकळ नाही.

ओसरी आणि मठ यांची गाठ घालून देणारा एक शिक्षक मात्र आपल्यात होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळण्याचा नाद मात्र जन्माचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडावे, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तराशी पुन्हा तेच करावे. नव्या पैशाचे साल १९५७ घेऊ. ९७५१ मधून १५७९ वजा केले की ८१७२; मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तेथे पोहोचल्यावर पुढे हालचाल नाही. पुन्हा ६१७४च येते. कोणतीही संख्या फार तर सात पावलांत तेथे येऊन थांबते. हे मुलांना सांगितले की ती स्वतःच्या जन्मसालापासून सुरुवात करतात आणि न सांगता पंचवीस-तीस वजाबाक्या करून मोकळी होतात. कापरेकरांनी आणखी एक कुळ शोधले; आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. जपमाळेचे मणी १०८. अंकांची बेरीज नऊ. नऊ बारे एकशेआठ. माळ हर्षद आहे, हे आजीलाही सांगावे.

आपल्या बहुतेक देवळांत अजूनही सायंकाळी आरतीपूर्वी मुले जमतात आणि तो अर्धा तास गडबडीत जातो. देवस्थानच्या महाजनांनी तेवढ्या वेळात एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा शिक्षिकेला बसवावे; त्याला ना इमारत लागते ना अनुदान. येऊ इच्छिणारे प्रत्येक मूल तेथे बसू द्यावे. सवायकी म्हणवून घ्यावी, पण प्रसादाचा रवा समोर मोजून; पाच सव्वा सव्वासहा हे वाटीने दिसले पाहिजे आणि त्याच बैठकीत ते ६.२५ असे पाटीवर लिहिलेही पाहिजे. आरंभाला भास्कराचार्यांचाच एक प्रश्न पुरे आहे. कमळांच्या राशीतील तिसरा भाग शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला. उरलेली सहा कमळे गुरूच्या चरणी ठेवली. रास किती कमळांची होती? मुले आधी खडे मांडून पाहतील. उत्तर एकशेवीस येते. खडे मांडून होईपर्यंत ते सांगू नये.